‘अभूतपूर्व’ : एका विशेषणाची तपासणी

८ जुलै २०१२ रोजी ग्रीनलंडच्या हिमस्तराचा सुमारे ४० टक्के पृष्ठभाग वितळत होता. १२ जुलैला ९७ टक्के. ‘नासा’ने मथळ्यात विशेषण योजले : अभूतपूर्व. त्याच निवेदनात एका हिमशास्त्रज्ञाने सांगितले होते, की अशी घटना सरासरी दीडशे वर्षांतून एकदा घडते आणि आधीची १८८९ची. मथळा आणि मजकूर यांतल्या या विसंगतीचा फायदा दोन्ही पक्षांनी घेतला. एकाने प्रलयाची द्वाही फिरवली, दुसऱ्याने ‘हे निसर्गचक्रच’ म्हणत हात झटकले. माझ्या मते दोन्ही वाचने उथळ आहेत.

उपग्रहांच्या नोंदी तेव्हा जेमतेम तीन दशकांच्या होत्या. तेवढ्यापुरते ते विशेषण खरे. १८८९ची साक्ष देतो तो ३,२०० मीटर उंचीवरच्या ‘समिट’ येथील हिमगाभ्यातला, वितळून पुन्हा गोठलेला थर. पण थर ‘काय घडले’ ते सांगतो, ‘का’ ते नाही.

त्यासाठी विल्यम नेफ आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये पुनर्विश्लेषणाचा आधार घेतला. यात जुन्या वायुदाबाच्या नोंदी आधुनिक हवामान-प्रारूपाला पुरवून त्या काळचे वातावरण उभे करतात. दोन्ही वर्षी त्यांना सारखेच चित्र दिसले : उत्तर अमेरिकेवर साचलेली उष्णता आणि अटलांटिकवरून ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे वाहणारा बाष्पाचा अरुंद पट्टा, म्हणजे ‘वातावरणीय नदी’. त्याच वर्षी केटलिन कीगन यांच्या गटाने वणव्यांच्या काजळीकडेही बोट दाखवले. काळवंडलेला बर्फ अधिक ऊन शोषतो.

हे काम मला मोलाचे वाटते, पण अनुमान म्हणून. २०१२मध्ये पातळ, जलबिंदूंच्या ढगांनी वितळण्यास हातभार लावला, हे समिटवरच्या उपकरणांनी टिपले. १८८९चे ढग कोणी मोजलेले नाहीत. तिथले आकाश विरळ नोंदींवरून गणिताने रचलेले आहे.

‘दीडशे वर्षे’ हेही घड्याळ नव्हे. ती हजारो वर्षांची सरासरी आहे. उत्तर गोलार्धातले उन्हाळी ऊन अधिक प्रखर होते त्या प्राचीन काळात असे थर वारंवार पडले, पुढे विरळ झाले. १८८९नंतर तर शतकभर समिटवर वितळण्याची खूण नाही. मग मात्र १९९५, २०१२, २०१९, २०२१. १४ ऑगस्ट २०२१ला तिथे चक्क पाऊस पडला, नोंदींतला पहिलाच.

तेव्हा घटना पूर्वी घडली होती, हे मान्य करावे. वाचायचे ते दोन घटनांमधले आक्रसत चाललेले अंतर, आणि ते कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक बोलते.