‘मोगलाई’ कोणाची? : इतिहास आणि मानवशास्त्र यांच्या संगमावरील दोन ग्रंथ

प्रस्तावना

इतिहासकाराने कागदपत्रे पाहावीत आणि मानवशास्त्रज्ञाने माणसे पाहावीत, अशी ढोबळ विभागणी दीर्घकाळ रूढ होती. अमेरिकेत ती मोडली, ती काही अंशी न्यायालयीन गरजेतून. १९४६ च्या ‘इंडियन क्लेम्स कमिशन’ कायद्यान्वये तेथील मूलनिवासी जमातींना हिरावल्या गेलेल्या भूमीबद्दल दावे दाखल करता येऊ लागले. कोणती जमात कोणत्या प्रदेशात केव्हापासून वावरत होती, हे दाखविण्यासाठी मानवशास्त्रज्ञांना दप्तरखान्यात जावे लागले. १९५४ मध्ये ‘एथ्नोहिस्टरी’ हे नियतकालिक सुरू झाले. मानवजातीय इतिहास ही अभ्यासशाखा अशा रीतीने आरंभापासून ‘पुरावा’ या संकल्पनेशी बांधली गेली. मौखिक परंपरेकडे केवळ पुरावा म्हणून पाहणे कितपत पुरेसे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात डांग परिसराविषयीच्या दोन ग्रंथांच्या आधारे केला आहे. नाशिक जिल्ह्याला लागून असलेला हा वनप्रदेश १९६० मध्ये गुजरातमध्ये समाविष्ट झाला.

दोन ग्रंथ, दोन पद्धती

डेव्हिड हार्डिमन यांच्या ‘द कमिंग ऑफ द देवी’ (१९८७) या ग्रंथाचा विषय १९२२-२३ ची देवी चळवळ हा आहे. अंगात आलेल्या देवीच्या मुखातून दारू-ताडी सोडा, मांस खाऊ नका, रोज स्नान करा, पारशी मद्यविक्रेत्यांशी व्यवहार तोडा, असे आदेश आदिवासींना मिळत गेले. सरकारी कागदपत्रांत तुटकपणे नोंदलेल्या या चळवळीची वाटचाल हार्डिमन यांनी गावोगावच्या वृद्धांच्या मुलाखतींतून जुळविली. उच्चवर्णीयांचे अनुकरण एवढाच अर्थ न लावता त्यांनी तिच्यात आदिवासींचे आत्मभान पाहिले, हे त्यांचे महत्त्वाचे योगदान होय. मात्र येथे मौखिक साक्षीचे कार्य मुख्यतः दप्तरातील रिकाम्या जागा भरण्याचे आहे. इतिहासाची चौकट इतिहासकाराचीच राहते.

अजय स्कारिया यांच्या ‘हायब्रिड हिस्टरीज’ (१९९९) मध्ये चौकटच बदलते. डांगातील लोक पूर्वजांच्या कथांना ‘गोठ’ म्हणतात. या गोठींत काळाचे दोन भाग पडतात : ‘मोगलाई’ आणि ‘मंदिनी’. पहिला जंगलातील मुक्त संचाराचा आणि भिल्ल राजांच्या सत्तेचा. दुसरा इंग्रजांच्या अमलाचा, सीमा आखल्या जाण्याचा. इंग्रजांची १८३० ची लष्करी मोहीम किंवा १८४० च्या दशकातील जंगलांचे भाडेपट्टे यांपैकी कोणत्याही एका तारखेवर हा सांधा नेमका बसवता येत नाही. स्कारिया ही विसंगती दुरुस्त करीत नाहीत. गोठींचीच कालविभागणी ते ग्रंथरचनेसाठी स्वीकारतात.

मर्यादा

मराठी वाचकाला ‘मोगलाई’ हा शब्द येथे अडखळवितो, आणि ते उपयुक्त आहे. आपल्या व्यवहारात मोगलाई म्हणजे बेबंदशाही. डांगी गोठींत मात्र तेच स्वातंत्र्य. भिल्ल राजे आसपासच्या मुलखातून ‘गिरास’ वसूल करीत आणि प्रसंगी धाडीही घालीत. गोठ सांगणाऱ्या भिल्लाला जो काळ मुक्ततेचा वाटतो, तो खानदेशातील गिरास देणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या अर्थाने ‘मोगलाई’चा वाटला असणे शक्य आहे. म्हणूनच एका समूहाच्या स्मृतीला कालविभागणीचा अधिकार दिला, की दुसऱ्या समूहाची स्मृती तिच्यासमोर ठेवणे आवश्यक ठरते. हार्डिमन यांची पडताळणी आणि स्कारिया यांची श्रवणवृत्ती या परस्परविरोधी नसून परस्परपूरक आहेत, असे म्हणावे लागते.

महाराष्ट्रात ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना बखरींच्या विश्वसनीयतेवर टीका केली आणि अस्सल कागदाचा आग्रह धरला. त्या आग्रहाने आपल्या इतिहासलेखनाला शिस्त लावली. परंतु ज्यांच्याकडे कागद नव्हता, ते समूह त्यामुळे इतिहासाच्या कडेला राहिले.

समारोप

हा प्रश्न केवळ विद्यापीठीय नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. २००८ च्या नियमांनी दावेदाराव्यतिरिक्त अन्य वृद्धांचे लेखी निवेदन हा एक पुरावा मानला आहे. तथापि एकाहून अधिक पुरावे अपेक्षित आहेत. निवेदन लिहिताना वृद्धाच्या कथनातून जागा, सीमा आणि वर्ष तेवढे वेचले जाते. पूर्वज तेथे का आले, कोणाला काय देत होते, कोणत्या देवाची जागा कोठे आहे, हे निरुपयोगी म्हणून गळते. पुढे त्या जागेविषयी वाद उद्भवला, तर आधार द्यायला नेमके तेच हाताशी नसते.

आदिवासी भागांतील महाविद्यालयांचे इतिहास व समाजशास्त्र विभाग येथे मोलाचे कार्य करू शकतील. सांगणाऱ्याच्या बोलीत, कोण कोणासमोर सांगत आहे याच्या नोंदीसह संपूर्ण कथन जतन करावे आणि त्यानंतरच महसूल व वनखात्याच्या कागदपत्रांशी ते ताडून पाहावे. हा क्रम उलटा झाल्यास कागदाला जुळेल तेवढेच ऐकण्याची सवय लागते.