साभार परत : मराठी हस्तलिखितांची निवड आणि साहित्यिक एजंटची अनुपस्थिती

मराठी साहित्यव्यवहाराचा विचार लेखक, प्रकाशक, समीक्षक आणि वाचक या चार घटकांच्या आधारे केला जातो. लिहून झालेले हस्तलिखित छापण्यायोग्य आहे की नाही हे कोण ठरवते आणि कोणत्या निकषांवर ठरवते, हा प्रश्न या चौकटीत बहुधा प्रकाशकाच्या खात्यावर टाकून दिला जातो. इंग्रजी ग्रंथव्यवहारात मात्र लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एक पाचवा घटक उभा असतो. तो म्हणजे साहित्यिक एजंट. ए. पी. वॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लंडनमध्ये हा व्यवसाय रूढ केला. भारतात बंगळूरची ‘जॅकरांडा’ (१९९७), जयपूरची ‘सियाही’ (२००७) अशा संस्था उभ्या राहिल्या; परंतु त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः इंग्रजी लेखनाचे व अनुवादांचे राहिले. मराठी लेखक आजही आपले बाड थेट प्रकाशकाकडेच पाठवतो.

शिरूर तालुक्यातील पाबळसारख्या अवर्षणप्रवण गावात ‘एजंट’ हा शब्द जमिनीच्या किंवा विम्याच्या संदर्भात ऐकू येतो. साहित्यिक एजंटचे काम समजून घ्यायचे तर बाजार समितीतील अडत्याची तुलना अधिक उपयोगी पडेल. दोघेही दुसऱ्याचा माल विकून देतात व दोघांचेही उत्पन्न विक्रीच्या टक्केवारीवर अवलंबून असते. साहित्यिक एजंटचा वाटा साधारणपणे लेखकाच्या उत्पन्नाच्या पंधरा टक्के असतो. फरक असा, की अडत्यापुढे जो शेतमाल येईल तो विकला जातो, तर एजंट आलेल्या हस्तलिखितांपैकी बहुतेक नाकारतो. त्याचा खरा व्यवसाय निवडीचा आहे, आणि समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हेच.

एजंटकडे प्रथम संपूर्ण हस्तलिखित जात नाही. एक पत्र, कथानकाचा सारांश आणि सुरुवातीची काही प्रकरणे एवढेच जाते. पत्रावरून लेखकाला आपले पुस्तक थोडक्यात सांगता येते का हे पाहिले जाते. सारांशावरून रचना तोलली जाते. पहिल्या पानांवरून लेखकाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो का याचा अंदाज घेतला जातो. त्याखेरीज अलीकडच्या कोणत्या पुस्तकांच्या शेजारी हे पुस्तक ठेवता येईल, हाही प्रश्न असतो. यांपैकी आवाजाचा निकष वाङ्मयीन आहे. शेजारच्या पुस्तकांचा निकष सरळसरळ बाजाराचा आहे. सारांशाचा निकष या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा आहे आणि सर्वांत फसवा तोच आहे.

हे निकष मराठीतील काही पुस्तकांना लावून पाहिले तर त्यांचे बळ आणि उणेपण दोन्ही दिसतात. १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध केली. कादंबरीकार म्हणून अपरिचित असलेला हा लेखक त्या वेळी पंचवीस वर्षांचा होता. ‘कोसला’चा सारांश कसा लिहायचा? पांडुरंग सांगवीकर हा खेड्यातील मुलगा शिक्षणासाठी पुण्यात येतो आणि काही वर्षांनी हात हलवीत गावी परततो. याहून अधिक सांगू गेल्यास कादंबरी निसटते आणि एवढेच सांगितल्यास ती उरत नाही. तिच्या शेजारी ठेवण्याजोगे पुस्तक त्या काळच्या मराठीत शोधणेही कठीण होते. पत्र आणि सारांश या चाळणीत ‘कोसला’ अडकली असती; पहिल्या पानांच्या चाळणीतून मात्र ती निश्चित पार झाली असती. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) याच निकषाने तत्काळ उचलले गेले असते, कारण तेथे आवाज पहिल्या परिच्छेदातच आहे. ते ‘ग्रंथाली’ने काढले. ही वाचकांच्या पाठबळावर उभी राहिलेली चळवळ होती आणि तिचा बाजाराचा हिशेब रूढ प्रकाशकापेक्षा वेगळा होता. दोन वर्षांनी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ही तिनेच प्रसिद्ध केले.

याहून बोलके उदाहरण पाबळच्याच तालुक्याचे नाव मिरवते. १९३३ मध्ये ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. या टोपणनावामागे होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. सुशिक्षित अविवाहित स्त्रीच्या मनातील कोंडमारा इतक्या उघडपणे मांडणारे लेखन मराठीला नवे होते. त्यावर वादळ उठले, लेखिका कोण याविषयी तर्कवितर्क झाले; तरीही मोटे यांनी तिचे नाव फुटू दिले नाही. या प्रसंगाची नोंद सहसा धाडसी प्रकाशक अशी केली जाते. ती पुरेशी नाही. आवाज ओळखणे, पुस्तक कोणत्या स्वरूपात वाचकांपुढे जावे हे ठरवणे आणि लेखकाचे हितरक्षण करणे ही तिन्ही एजंटची कामे आहेत. मोटे यांनी ती केली, शिवाय पैसाही स्वतःचाच गुंतवला. बाजाराचा निकष ज्याच्या अंगाशी येणार होता त्यानेच तो बाजूला सारला, हे येथे लक्षात घ्यावे लागते. पुढे विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) मोटे यांच्याकडूनच आली, ती या दृष्टीचाच पुढचा पुरावा म्हणता येईल.

मात्र या परंपरेचे गुणगान करताना तिची मर्यादा झाकता येत नाही. जेथे संपादक हाच पहिला व अखेरचा वाचक असतो तेथे त्याची अभिरुची हीच सीमा होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथा’ व मौज प्रकाशन गृह यांद्वारे हस्तलिखितांवर जे संस्कार केले त्यांना मराठीत तोड नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मौजेचीच. तेव्हा ग्रामीण जीवनाला तेथे दार बंद होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या लेखकांनी ‘सत्यकथा’चा अंक जाहीरपणे जाळला. त्या रोषाची कारणमीमांसा नेहमी अभिरुचीच्या अंगाने केली जाते. तिला दुसरेही अंग आहे. नाकारलेले हस्तलिखित दुसऱ्या दारी घेऊन जाणारा, त्या दाराची आवड ओळखणारा मध्यस्थच मराठीत नव्हता. ‘साभार परत’ हे दोन शब्द आले की लेखकाला तो एका संपादकाचा निर्णय न वाटता साऱ्या साहित्याचा निवाडा वाटे.

मध्यस्थ नसल्याची किंमत पुस्तक छापून झाल्यानंतरही मोजावी लागते. मस्तानीची समाधी पाबळला आहे. तिच्या आणि बाजीरावाच्या कथेवर ना. सं. इनामदार यांनी १९७२ मध्ये ‘राऊ’ लिहिली. मराठीत या कादंबरीला वाचकांची कधीच वाण पडली नाही. तिचा विक्रांत पांडे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद मात्र २०१६ मध्ये आला, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी, आणि तोही २०१५ च्या हिंदी चित्रपटाने मस्तानीचे नाव सर्वतोमुखी केल्यानंतर. इनामदार २००२ मध्येच निवर्तले होते. ‘बलुतं’ हिंदीत ‘अछूत’ या नावाने बरेच आधी पोहोचले. इंग्रजीत ते जेरी पिंटो यांनी २०१५ मध्ये आणले, दया पवार यांच्या निधनानंतर एकोणीस वर्षांनी. याउलट ‘बनगरवाडी’ तीन वर्षांतच, १९५८ मध्ये इंग्रजीत गेली होती. एका उदाहरणावरून व्यवस्था सिद्ध होत नाही. चांगला अनुवादक वेळेवर भेटणे हा मराठीत योगायोगाचाच भाग राहिला, एवढे यावरून म्हणता येते.

अनुवाद, चित्रपट, ध्वनिपुस्तक हे सारे हक्क वेगवेगळे असतात. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. एजंट असलेला लेखक या ओळी वाचतोच, कारण त्या वाचण्यासाठीच त्याने माणूस नेमलेला असतो. मराठीत शब्दावर चाललेल्या व्यवहारांनी स्नेह पुष्कळ जपला, परंतु लेखकाच्या वारसांच्या हाती कागद ठेवला नाही.

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी निराळे वळण घेतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन आणले. २०१८ च्या नियमावलीतही राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथास दहा आणि संपादित ग्रंथातील प्रकरणास पाच गुण आहेत. त्याबरोबर लेखकाकडून खर्च घेऊन पुस्तक काढणाऱ्या प्रकाशनांचे पेव फुटले. तेथे हस्तलिखित परत येत नाही. किती पाने, किती प्रती आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढेच विचारले जाते. आयएसबीएन आहे ना, असे आपणही एकमेकांना विचारतो. वास्तविक हा क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो आणि तो ग्रंथाची ओळख पटवतो, योग्यता नव्हे. ज्या व्यवस्थेत नकारच संभवत नाही तेथे होकारालाही वाङ्मयीन अर्थ उरत नाही. ‘सत्यकथा’चा नकार जाचक असेल, पण त्यामागे कोणीतरी ते लेखन वाचलेले असे.

ग्रामीण महाविद्यालयात अशी हस्तलिखिते आजही येतात. एखादा विद्यार्थी कवितांची वही मराठीच्या प्राध्यापकाकडे आणून देतो. एखादा निवृत्त शिक्षक दुष्काळावरची कादंबरी वाचायला देतो आणि प्रस्तावना मागतो. प्रस्तावना लवकर लिहून दिली जाते, कारण तिला हस्तलिखित शेवटपर्यंत वाचण्याची गरज नसते. त्याऐवजी पहिली वीस पाने वाचून आवाज कोठे लागतो व कोठे सुटतो हे समासात लिहिता येईल; कोणत्या प्रकाशकाकडे हे जावे आणि कोणाकडे जाऊ नये हे सांगता येईल; करार आला तर त्यातील मुदतीचे कलम लेखकाला दाखवता येईल. यासाठी पंधरा टक्के लागत नाहीत. गुणांकनाच्या तक्त्यात या कामासाठी रकाना मात्र नाही.