ओक्के, पण मुके

समीक्षा म्हटली की तिला निदान एक पुस्तक लागतं. ते समीक्षकाने वाचलेलं नसलं तरी चालतं, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. मी पडलो बी. कॉम. गेली वीसेक वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून मी जे वाङ्मय वाचलं, ते पैसे भरायच्या आणि काढायच्या चिठ्ठ्यांचं. त्यात प्रतिभा फक्त सहीत दिसते आणि तीही दर खेपेला वेगळी. पण समीक्षेची हौस माणसाला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून आज मी अशी एक कलाकृती परीक्षणाला घेतली आहे, जी महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पोचलेली आहे, जिची लांबी जेमतेम तीन सेकंद आहे, जिला लेखक नाही, मानधन नाही आणि आवाजही नाही. मोबाइलवर आपण चार ओळी लिहाव्यात आणि उत्तरादाखल समोरून जे एक हलतं चित्र येऊन तेच ते तोंड वेंगाडत राहतं, ते.

या प्रकाराचं नाव उच्चारायचं कसं, इथूनच वादाला सुरुवात होते. कुणी ‘गिफ’ म्हणतं, कुणी ‘जिफ’. १९८७ साली अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट नावाच्या गृहस्थांनी हा प्रकार तयार केला. २०१३ साली त्यांना त्याबद्दल पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी भाषण केलंच नाही. उच्चार ‘जिफ’ आहे, एवढंच पडद्यावर लिहून दाखवलं. खुद्द बापाने मुलाचं नाव सांगितलं, तरी निम्म्या जगाने ते ऐकलं नाही. आपण मराठी माणसं तर या वादात आणखी एक फाटा फोडू शकतो. आपल्याकडे जावयातला ‘ज’ वेगळा आणि जिवातला वेगळा.

मूळच्या त्या चित्रात रंग मावायचे फक्त २५६. कोल्हापुरात महाद्वार रोडवर एखाद्या साडीच्या दुकानात शिरलात, तर पहिल्या दहा मिनिटांत याहून जास्त रंग गादीवर येऊन पडतात आणि बायको म्हणते, ‘दुसरं काही नाही का?’ आवाजाची सोय तर त्यात मुळातच नव्हती. व्हॉट्सअॅपवर ही चित्रं २०१६ साली आली, २०१८ साली त्यांच्या मागोमाग स्टिकर आले. आता आत चालतो तो खरं म्हणजे छोटा व्हिडिओच असतो, पण आवाज काढून घेतलेला. म्हणजे तंत्र सुधारलं, बोलायची सोय झाली, आणि लोकांनी मुद्दाम मुकेपण पसंत केलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता कुणी म्हणेल, वारणानगरसारख्या साखर कारखान्याच्या गावात बसून हे उद्योग कशाला? तर मंडळी, पडदा आम्हाला नवा नाही. १९९८ साली, पुण्यामुंबईच्या लोकांनाही इंटरनेट म्हणजे कोळ्याचं जाळं की आणखी काही हे नीट ठाऊक नव्हतं, तेव्हा सरकारने वारणेच्या खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तरेक गावं संगणकांनी जोडायची योजना आणली. उसाची नोंद, तोडीचा हुकूम, काट्यावरचं वजन हे सगळं गावातल्या केंद्रावर कळावं म्हणून. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून हीच माहिती द्यायचा प्रयोग केला. शेतकऱ्याला संदेश जायचा तो वजनाचा. त्या संदेशात डोळा मारणारं माकड नव्हतं, टाळ्या पिटणारा नट नव्हता. वजन कळलं की शेतकऱ्याचा चेहरा जो काही हलायचा तो घरच्या घरी हलायचा.

तेव्हा या पार्श्वभूमीवर मूळ कृतीकडे वळू. जून २०२२. शिवसेनेत एकनाथ शिंदे यांचं बंड झालं. आमदार आधी सुरतेला गेले आणि तिथून गुवाहाटीच्या हॉटेलात. सगळा महाराष्ट्र टीव्हीला चिकटलेला. अशात सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी झालेलं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. बोलणं राजकारणाचं होतं, पण लोकांनी त्यातून नेमकं उचललं ते गुवाहाटीचं वर्णन: काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, समदं ओक्के! दोन-चार दिवसांत त्याची गाणी झाली, टी-शर्ट झाले, लग्नाच्या पंगतीत जिलबीवाला तेच म्हणू लागला.

आता समीक्षक म्हणून माझा पहिला प्रश्न असा, की हे वाक्य चाललं का? राज्यात त्या आठवड्यात हजारो वाक्यं बोलली गेली. घटनातज्ज्ञ बोलले, प्रवक्ते बोलले, त्यातलं एकही कुणाच्या टी-शर्टवर चढलं नाही. मला विचाराल तर कारण हिशेबाचं आहे. तीन नोंदी आणि खाली बेरीज. झाडी जमा, डोंगार जमा, हाटील जमा, शिल्लक ओक्के. इतका चोख ताळेबंद आमच्या शाखेत मार्चअखेरीलासुद्धा जुळत नाही. शिवाय क्रम बघा. झाडी देवाची, डोंगर देवाचा, आणि त्याच रांगेत तिसरं हाटील! देवाच्या मालात हाटील मिसळलं, तिथं हसू फुटलं. झाडी, हाटील, डोंगार असा क्रम लावून म्हणून बघा. काही होत नाही.

दुसरं कारण आवाजाचं. ‘डोंगर’ म्हटलं की भूगोलाचं पुस्तक आठवतं. ‘डोंगार’ म्हटलं की तो कुठून तरी खालून, मान वर करून बघितल्यासारखा वाटतो. सांगोला हा दुष्काळी पट्ट्यातला तालुका. पावसाच्या थेंबाथेंबावर डाळिंब जगवणारा मुलूख. तिथल्या माणसाने आसामची हिरवी गर्दी बघितल्यावर त्याच्या तोंडून जे ‘काय’ निघेल, त्या ‘काय’मध्ये थोडी तहान असणारच. राजकारण बाजूला ठेवा. त्याबद्दल ज्याने त्याने आपापल्या मतपेटीत लिहावं. पण त्या ‘काय झाडी’तलं नवल मला खरं वाटलं. आमच्या वारणेच्या काठच्या माणसाला ते तसं साधलं नसतं. आम्ही उसाच्या हिरव्यात वाढलेले. आम्ही फार तर म्हटलं असतं, ‘झाडी हाय की, पण टनेज किती?’

हे सगळं ऐकण्यात होतं. बघण्यात काहीच नव्हतं, कारण तो फोन होता. त्या क्षणाचं चित्रच अस्तित्वात नव्हतं! आणि इथं हलत्या चित्राच्या कारागिरांची खरी करामत. चेहरा एका मुलाखतीतला, डोंगर कुठला तरी, खाली अक्षरं, की झाली कृती तयार. जे फक्त आवाज होतं त्यातून आवाज काढून घेतला आणि जे नव्हतं ते चित्र त्यात घातलं. उसातला रस काढून चिपाडाला गुलाबी कागद गुंडाळावा, तसं. त्यातून कुणा शुद्धलेखनवाल्याने खालच्या अक्षरांत ‘डोंगार’चं ‘डोंगर’ केलं, की उरला भूगोलच.

शब्दांचं मात्र बरं चाललं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा दिली. आरोप समोरच्यांनी फेटाळला, पण भाषेच्या दृष्टीने पाहा: गुवाहाटीचं ‘ओक्के’ दोन महिन्यांत उलटं फिरून मुंबईत आलं आणि ज्यांचं होतं त्यांच्याच अंगावर पडलं. जिवंत शब्द असा पक्षांतर करतो, त्याला कायदा आडवा येत नाही. हलतं चित्र असं करू शकत नाही. ते पहिल्या दिवशी जे करतं तेच शेवटपर्यंत करतं: मान वर, मान खाली, मान वर, मान खाली.

चेकची मुदत पूर्वी सहा महिने होती. १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आली. लोकांच्या तोंडी बसलेल्या वाक्याचीही साधारण तेवढीच धरावी, असा माझा अंदाज होता. पण नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत सांगोल्यातून शहाजीबापूंचा पराभव झाला, आमदारकी गेली, आणि चित्र अजून फिरतंच आहे. माणसाची मुदत संपली तरी त्याचा चेक वटतो आहे, हे बँकिंगच्या कुठल्याही नियमात बसत नाही.

आता दुसरी बाजू. समीक्षकाने दोन्ही बाजू मांडायच्या असतात, नाहीतर लोक त्याला टीकाकार म्हणतात. १९८८ साली आलेल्या ‘अशी ही बनवाबनवी’तला ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हा प्रश्न घ्या. याचंही चित्र फिरतं. ते मुकं असलं तरी मला ऐकू येतं. लक्ष्मीकांत बेर्डे दिसले की आवाज माझ्या डोक्यात आपोआप लागतो. कारण तो तिथं आधी जमा आहे. टीव्हीवर, गणपतीच्या मांडवात, एसटीतल्या व्हिडिओवर कितीदा ऐकला त्याची मोजदाद नाही. म्हणजे हलतं चित्र ही पैसे काढायची चिठ्ठी आहे. खात्यात शिल्लक असेल तर रक्कम मिळते. खात्यात काहीच नसेल, तर मी काउंटरवरून अतिशय गोड हसून ती परत करतो.

हा सिद्धान्त मी आमच्या कन्येला सांगितला. वय वर्षं तेरा. ती अशोक सराफांचं एक चित्र सर्रास वापरते आणि तिने तो सिनेमा पाहिलेला नाही.

‘मग तुला कळतं कसं, कुठं टाकायचं ते?’ मी विचारलं.

‘बाबा, त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं की!’

आणि खरंच, ती नेमकं टाकते. मी आजीपुढे पगारवाढीची गोष्ट सुरू केली की बरोब्बर तेव्हा. अशोक सराफांसारख्या नटाचा चेहरा शिल्लक नसलेल्या खात्यावरही वटतो, हे मला मान्य करावं लागलं. आपल्या सिद्धान्ताला एक ओव्हरड्राफ्टची सोय ठेवायला हवी, एवढं त्यातून निघालं.

आणखीही एक गुण आहे. काही गोष्टी तोंडाने बोलायला आपल्या मंडळींना जड जातात. कोल्हापूरकडचा बाप मुलाला ‘शाब्बास’ म्हणेल, तर मुलगा डॉक्टरकडे घेऊन जाईल त्याला. तोच बाप आता टाळ्या वाजवणारं अस्वल पाठवतो. अस्वलाच्या आडून का होईना, माया पोचते. हे मी हलत्या चित्राच्या जमेच्या बाजूला लिहितो, आणि शाईने लिहितो.

पण खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. आमच्या भागाने ‘नाद खुळा’ दिला, ‘जाळ आन् धूर संगटच’ दिलं, ‘विषय हार्ड’ दिला. हे शब्द चौकात, तालमीत, गुऱ्हाळावर तयार झाले आणि तोंडातून तोंडात गेले. दर तोंडाने त्यात आपलं काहीतरी घातलं. ‘नाद खुळा’ हा शब्द कौतुकाला चालतो, रागाला चालतो, कपाळाला हात लावतानाही चालतो. फरक फक्त सुराचा. मुक्या चित्राला सूर नसतो. त्यामुळे घ्यायचा तो अर्थ घ्या म्हणून आपण ते पुढे सरकवतो आणि मोकळे होतो. बोलणाऱ्याला आपल्या सुराची जबाबदारी घ्यावी लागते. पाठवणाऱ्याला लागत नाही. लोकांनी मुकेपण पसंत केलं ते बहुधा याच सोयीसाठी.

परवा आटपाडीच्या आमच्या मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिच्या मुलाने कुटुंबाच्या ग्रुपवर कळवलं: ऑपरेशन व्यवस्थित झालं, दिसायला लागलं. संध्याकाळी मी तिला फोन केला. यात माझा काही मोठेपणा नाही. तिच्या मुदतठेवीची मुदत त्या आठवड्यात संपत होती आणि नूतनीकरणाचं विचारायचं होतं.

‘सकाळधरनं बगतीया,’ ती म्हणाली, ‘मोबाइलमदी नुसती नाचायली समदी. एक मांजार टाळ्या वाजवतंय. एक बाप्या डोंगराकडं बगून मान हलवतोय. तेरा चित्रं मोजली मी. डोळा चांगला झालाय म्हणून बरं. पर बोललं कोण न्हाय बग.’

‘कसं वाटतंय आता?’ मी विचारलं. ठेवीचं नंतर काढू म्हटलं.

फोनवर जरा वेळ काही आवाज आला नाही. मग मावशीने असा एक श्वास घेतला की मला तिचं नवं भिंगच दिसलं.

‘काय सांगू लेकरा! काय डाक्टर, काय नर्सा, काय त्यो च्या... समदं ओक्के!’

आणि ती हसली. पट्टी लावलेल्या डोळ्याने हसू नये, असं डॉक्टरांनी सांगितलं असावं, कारण लगेच मागून कुणीतरी तिला दटावल्याचं ऐकू आलं. तीन सेकंदांचं चित्र असतं तर तिथंच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. मावशी थांबली नाही. वॉर्डातल्या शेजारणीची सून, जेवणातलं मीठ, रिक्षावाल्याने घेतलेले जादा वीस रुपये, सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, ‘आन् तू कवा येतोयस?’

ठेवीचं नूतनीकरण त्या दिवशी राहूनच गेलं.