भावे प्रयोगांतील अपघात

यंत्रमानवाच्या कथा मराठींत आतां पुष्कळ झाल्या. परंतु त्यांची भीति अद्यापि एकच आहे. कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या नाटकांत यंत्रांनीं बंड केलें. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरींतहि प्रश्न आहे तो हाच कीं, मनुष्यानें घडविलेलें बुद्धिमान यंत्र मनुष्याच्या ताब्यांत राहील किंवा नाहीं. नारळीकरांनीं मराठी विज्ञानकथेस जी प्रतिष्ठा मिळवून दिली तीविषयीं दुमत नाहीं. तथापि बंडखोर यंत्राची गोष्ट आमच्या मतें सोपी आहे; कारण तींत अपराधी कोण हें वाचकास आरंभापासूनच ठाऊक असतें.

अवघड गोष्ट घडली ती १८ मार्च २०१८ च्या रात्रीं, अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत, टेंपी येथें. ऊबर कंपनीची चाचणीवर असलेली स्वयंचलित मोटार सायकल हातीं धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीवर आदळली व ती स्त्री मरण पावली. चौकशींत आढळलें कीं, धडकेपूर्वीं ५.६ सेकंद यंत्रास ती दिसली होती; परंतु तें तिला कधीं वाहन समजे, कधीं सायकल, कधीं निराळेंच कांहीं. ठरल्या जागेखेरीज कोणी पायीं रस्ता ओलांडील हें त्याच्या रचनेंत धरलेंच नव्हतें! सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर एक संध्याकाळ उभ्या राहिलेल्या मनुष्यास हें वाचून हसावें कीं रडावें तें कळणार नाहीं. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाहीं. गाडींत देखरेखीस बसविलेल्या बाईनें मात्र २०२३ सालीं गुन्हा कबूल केला, व तिला तीन वर्षें सरकारी देखरेखीखालीं राहण्याची शिक्षा झाली. तिचें लक्ष फोनमध्यें होतें हें खरें. पण चाक तिच्या हातीं नव्हतें हेंहि खरेंच.

'गाडीनें बाईला चिरडलें.' या वाक्यांतील क्रियापद कर्त्याप्रमाणें चालत नाहीं, कर्माप्रमाणेंहि नाहीं. हा भावे प्रयोग. (वर्गांत इतकें भयंकर उदाहरण मला कधीं सुचलें नव्हतें.) येथें यंत्रानें आज्ञाभंग केलेला नाहीं, आणि ज्यानें आज्ञा लिहिल्या त्यानें त्या बाईला कधीं पाहिलेलेंहि नाहीं.

ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांशेजारीं राहणाऱ्यांस हा प्रश्न अगदींच नवा नसावा. भरपाई भट्टी चालविणारानें द्यावी कीं तिचे भाग पुरविणारानें, यावर २०१० सालीं संसदेंत मोठा वाद झाला होता. मोटारींच्या बाबतींत तर २०१९ च्या दुरुस्तीनें, कोणाचाहि दोष सिद्ध न करितां, मृताच्या वारसांस ५ लाख रुपये देण्याची सोय केली आहे. सोय चांगलीच आहे. परंतु वारसास पैशांहून निराळें असें जें हवें असतें, कोणीतरी समोर येऊन 'हें माझ्या हातून झालें' एवढें म्हणणें, तें आतां कोणीं म्हणावयाचें? या कथेस नारळीकरांचें गणित पुरणार नाहीं. हरिभाऊ आपट्यांची दृष्टि लागेल. आरंभ दावा न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यांत करावा. दावा मंजूर झाला आहे, विमेवाला कागद आवरीत आहे, कंपनीचा वकील घड्याळ पाहत आहे. आणि मेलेल्या बाईचा मुलगा या दोघांपैकीं कोणाकडे पाहावें याचा विचार करीत उभा आहे.