संदेश लिहा, गुण मिळवा

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी १६ गुण कवितेचे असतात. त्यातले ४ रसग्रहणाचे, आणखी ४ ‘कवी, विषय, शब्दार्थ, संदेश, आवडण्याची किंवा न आवडण्याची कारणे’ अशा मुद्द्यांचे. हा आराखडा कागदावर मुळीच वाईट नाही. जुन्या ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’पेक्षा तर पुष्कळच बरा, कारण त्यात मुलाला कविता न आवडण्याची अधिकृत मुभा आहे. ती मुभा वापरणारी उत्तरपत्रिका मात्र विरळाच. आवडण्याचीच कारणे लिहा, उगाच धोका नको, असे क्लासमध्ये आधीच बजावलेले असते.

रसग्रहणाचेही तसेच. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन परिच्छेद, आणि तिसऱ्यात ‘साध्या, सोप्या व ओघवत्या भाषेत’ हे शब्द हमखास. गाईडमधला हा शेरा नीरजांच्या मुक्तछंदाला लागतो आणि मोरोपंतांच्या ‘केकावली’लाही लागतो. मोरोपंत साधे आणि सोपे! पंतांना स्वतःला हे वाचून काय वाटले असते कोण जाणे. जे वाक्य कोणत्याही कवितेला चालते ते त्या कवितेविषयी काहीच सांगत नाही, एवढे तरी रसग्रहण शिकवताना मुलांच्या कानावर घालायला हवे.

याचा दोष पाठ्यपुस्तकाच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. २०१८ साली आलेले दहावीचे ‘कुमारभारती’ उघडून पाहा. रामदास, मोरोपंत, पाडगांवकर, द. भा. धामणस्कर, आसावरी काकडे, नीरजा, ज. वि. पवार. काळ, घडण आणि सामाजिक दृष्टी यांचा एवढा पल्ला एका पुस्तकात आहे. तक्रार करायचीच तर वेगळी करावी लागेल. वरच्या इयत्तांत निवडलेल्या बहुतेक कवितांतून काहीतरी चांगले, उपयोगी शिकता येते. विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’सारखी शुद्ध चक्रमपणाची मजा प्राथमिक शाळेबरोबर संपते. तिचा संदेश काय, असे विचारले तर शिक्षकालाही हसू येईल, आणि म्हणूनच ती आठवी-नववीत असायला हवी. संदेश शोधण्याची सवय अशाच कवितेपाशी मोडते.

ही सवय आली कुठून? परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ काढून जुन्या मराठी कवितेचे वेचे विद्यार्थ्यांच्या हाती दिले. तेव्हापासून शाळेतली कविता अर्थ लावण्यासाठी असते. अन्वय करा, शब्दार्थ द्या, तात्पर्य सांगा. पुढे बी.एड.च्या टाचणाने याला शिस्त लावली: प्रस्तावनेचे प्रश्न, हेतुकथन, आदर्श वाचन, कठीण शब्द, आशयावरील प्रश्न, स्वाध्याय. पावसाच्या कवितेआधी ‘तुम्हाला पाऊस आवडतो का?’ असे विचारून ‘हो’ वदवून घ्यायचे आणि मग ‘आज आपण पावसाची कविता शिकणार आहोत’ असे जाहीर करायचे. कवितेत अवचित भेटण्याजोगे जे काही असते त्याची वासलात या हेतुकथनातच लागते. गंमत अशी की पाठ्यपुस्तकांतल्या कितीतरी कवींचे पोट शाळेवरच चालत होते. केशवसुत शिक्षक होते, इंदिरा संत बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात होत्या, आणि नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, नंतर शिक्षक झाले.

बालकवींचा ‘औदुंबर’ घ्या. आठच ओळी. त्यातले झाड विरक्त आहे, उदास आहे की नुसतेच निवांत, यावर मराठी समीक्षकांनी पानेच्या पाने खर्ची घातली आणि त्यांचे एकमत झाले नाही. वर्गात मात्र पस्तीस मिनिटांत निकाल लागतो: निसर्गाचे सुंदर चित्रण. त्याऐवजी मुलांना एकच काम द्यावे. कवितेतले रंग येतील त्या क्रमाने वहीत उतरवा. निळ्या-हिरव्यापासून निघालेली नजर काळ्या पाण्यापाशी जाऊन थांबते, हे आठवीतल्या मुलालाही आपले आपण दिसते. हे असे का, हा प्रश्न मग कोणीतरी विचारतेच, आणि त्याचे उत्तर शिक्षकाजवळ तयार नसले तरी चालते. किंबहुना नसलेलेच बरे. कवितेचे वाचन शिकवणे म्हणजे मुलाचे बोट ओळीतल्या एका शब्दावर टेकवून त्याला तिथे थांबायला लावणे. त्याला लागतो तो वेळ, आणि पोर्शन पुरा करण्याच्या घाईत नेमका तोच उरत नाही.

बहिणाबाईंच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी ‘बहिणाबाईची गाणी’ छापून आली. त्यांची कविता शिकवताना पहिला स्वाध्याय कोणता, तर ‘प्रमाण भाषेतील शब्द लिहा’. जळगावच्या मुलीला जो शब्द घरात रोज ऐकू येतो तो तिने खोडून दुसरा लिहायचा. खरे तर या तासाला तिने सांगावे आणि बाकीच्यांनी, गुरुजींसकट, ऐकावे.

ऐकण्याची गोष्ट निघालीच आहे, तर तिथे आपण सर्वांत जास्त गमावले आहे. पहिली-दुसरीत कविता चालीवर असते. सातवी-आठवीपर्यंत ती मूक होते. विंदा, बापट आणि पाडगांवकर गावोगाव हिंडून कविता वाचत आणि लोक गर्दी करून ऐकत. ती कानांची तयारी शाळेने पुढे चालवली नाही. ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे, चरणात सतरा अक्षरे, आठव्यावर यती. हे फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करून शिकवण्याआधी नुसते खड्या आवाजात म्हणून दाखवले तरी वर्गाची मान हलते. बारावीच्या ‘युवकभारती’त समास, प्रयोग, अलंकार आहेत. वृत्ते नाहीत. कविता न ऐकताच तिचे अलंकार ओळखायचे, म्हणजे बंदिश न ऐकता रागाचे वर्णन पाठ करण्यातला प्रकार.

आता लेखनाकडे. दहावीच्या उपयोजित लेखनात पत्र, जाहिरात, बातमी, कथा, आत्मकथन सगळे येते. कविता येत नाही. ती प्रतिभेचे देणे आहे, शिकवता येत नाही, असा समज त्यामागे असावा. मग कथा काय शिकवता येते? शाळेच्या वार्षिक अंकात कविता असतात, पण त्या आई, गुरुजी, झाड आणि पाऊस या चौकटीबाहेर क्वचित जातात. त्यांत मूल कमी आणि मोठ्या माणसाची नक्कल जास्त असते. चारोळीने यात भरच घातली. चौथ्या ओळीत टाळी मिळाली की पहिल्या तीन कशाही चालतात, हा धडा फार लवकर पक्का होतो.

त्यापेक्षा अभंग लिहायला द्यावा. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळवायचे. एकूण बावीस अक्षरे, एका तासात होणारे काम. विषय भक्तीचाच हवा असे नाही, वर्गातला बंद पंखाही चालेल. ‘अतिशय सुंदर’ची अक्षरे सात होतात, सहाच्या चरणात बसत नाहीत, म्हणून मूल आधी ‘अतिशय’ खोडते आणि मग कधीतरी ‘सुंदर’ही. विशेषणे कमी करा, असे वर्षभर सांगून जे होत नाही ते इथे घडते. ओवीसाठी तर साहित्य आयते आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांपैकी कितीतरी आज ‘पारी’ या संकेतस्थळामुळे वाचता-ऐकता येतात. विडंबनाचाही उपयोग करावा. मुख्याध्यापक अत्र्यांनी केशवकुमार होऊन ‘झेंडूची फुले’ लिहिली. एखाद्या कवीची खोडी काढायची तर त्याची लकब बारकाईने वाचावीच लागते, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना खोड्या काढायचे आमंत्रण फारसे द्यावे लागत नाही.

असे करणारे शिक्षक आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळांत तर आहेतच. त्यांची मुले हस्तलिखिते काढतात, बालभारतीच्या ‘किशोर’कडे कविता पाठवतात. पण ते सारे परीक्षेच्या बाहेर, फावल्या वेळात चालते. त्यामुळे मंडळाला विनंती एवढीच: उपयोजित लेखनात जिथे कथेचा पर्याय आहे, तिथेच पाच गुणांचा अभंग किंवा ओवी ठेवा. आणि ते गुण अक्षरसंख्या, यमक आणि डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या तपशिलाला द्या. उदात्त भावनेला शून्य.