डफळे आणि डफळापूर : एका आडनांवाची चिकित्सा

आडनांव हा शब्दच सांगतो कीं, तें माणसाचें मुख्य नांव नव्हे. मुख्य नांव आईबाप ठेवतात. आडनांव बहुधा शेजारी ठेवतात, आणि मग दप्तर तें कायम करून टाकतें. शेजाऱ्यांनीं तें कां ठेवलें याचें स्मरण दोनतीन पिढ्यांत बुजतें, आणि त्या रिकाम्या जागेंत कथा येऊन बसते. ही कथा ऐकावयास गोड असते व घराण्याच्या मानास पोषक असते. एवढ्या दोन गुणांवर ती इतिहास म्हणून खपते. आडनांवांच्या व्युत्पत्तीचें आपल्याकडील बरेंचसें लेखन या वर्गांत मोडतें. त्याची परीक्षा कशी करावी हें एकच उदाहरण हातीं घेऊन पाहण्याचा येथें विचार आहे. तें उदाहरण जतच्या डफळे घराण्याचें.

जत हा आज सांगली जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील तालुका; पलीकडे विजापूरचा मुलूख लागतो. साताऱ्याच्या छत्रपतींच्या ज्या जहागिरी पुढें संस्थानें म्हणून ओळखल्या गेल्या, त्यांत औंध, फलटण, भोर व अक्कलकोट यांच्या जोडीस जत होतें. डफळापूरची वेगळी लहान जहागीर 1917 सालीं जतेंत मिळाली; जत संस्थान 1948 च्या मार्च महिन्यांत मुंबई प्रांतांत विलीन झालें; 1949 सालीं दक्षिण सातारा म्हणून जो जिल्हा निघाला, त्याचेंच नांव 1960 सालीं सांगली झालें. गांवांचीं व जिल्ह्यांचीं नांवें अशीं बदलत गेलीं. घराण्याचें नांव मात्र आदिलशाहीपासून डफळे हेंच राहिलें.

या नांवाचा उगम सांगणारें प्रसिद्ध विधान ग्रँट डफचें आहे. 1826 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत विजापूर दरबारच्या मराठे सरदारांची ओळख करून देतांना तो म्हणतो कीं, डफळे हे जत परगण्याचे देशमुख. त्यांचें जुनें आडनांव चव्हाण. डफळापूर गांवची पाटिलकी त्यांच्याकडे वंशपरंपरा असल्यामुळें त्या गांवावरून त्यांस डफळे हें नांव पडलें. पुढील लेखकांनीं हेंच पुन्हां पुन्हां गिरविलें, आणि आज तें निर्विवाद सत्य म्हणून चालतें.

ग्रँट डफला हलका लेखण्याचें कारण नाहीं. 1818 पासून 1822 पर्यंत तो साताऱ्यास होता, आणि 1820 सालीं जहागीरदारांशीं कंपनीचे जे करार झाले ते त्याच्या कारकीर्दींतले. जतकरांच्या घरची हकीकत त्यास प्रत्यक्ष ऐकावयास मिळाली असावी असें मानण्यास हरकत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एक घराणें आपल्या नांवाविषयीं काय समजत होतें, एवढ्याचाच तो पुरावा होतो. तें नांव सतराव्या शतकांत किंवा त्याआधीं कसें पडलें, याचा तो पुरावा नव्हे. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं 1867 सालीं ग्रँट डफवर टीका करून त्याचा ग्रंथ प्रमाण मानण्यापूर्वीं पारखून घ्यावा हा पायंडा घातला. आडनांवांच्या बाबतींत मात्र ही पारख करण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली नाहीं.

आतां त्या विधानाच्या रूपाकडे पाहूं. मराठींत गांवावरून आडनांव होण्याच्या दोन रीती सर्वांस परिचित आहेत. एक, गांवाच्या नांवास कर लागतो. दुसरी, गांवाच्या नांवास ए लागतो, जसें विजापुरे, कोल्हापुरे. ग्रँट डफनेंच निंबाळकरांविषयीं लिहितांना मूळ आडनांव पवार व गांव निंबळक असें सांगितलें आहे, आणि निंबळकापासून निंबाळकर हें रूप नियमास धरून आहे. त्याच नियमानें डफळापूरचे ते डफळापूरकर किंवा फार तर डफळापुरे व्हावयास पाहिजेत. गांवाच्या नांवांतील पूर गाळून उरलेल्या भागावरून आडनांव बनविण्याची चाल मराठींत सहसा दिसत नाहीं. डफळापूर या शब्दाची फोड केली, तर डफळा आणि पूर असे दोन भाग पडतात. म्हणजे डफळा हें पूर्वपद गांव वसण्याच्या वेळीं, निदान नांव पडण्याच्या वेळीं, अस्तित्वांत होतें. मग गांवावरून घराणें कीं घराण्यावरून गांव, असा प्रश्न उभा राहतो. आणि शब्दाचें रूप दुसऱ्या बाजूस झुकतें.

डफळे या शब्दाच्या विभक्तीकडे पाहिलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. आपण डफळ्यांची जहागीर, डफळ्यांचा वाडा असें म्हणतों. गोखल्यांचा, घोरपड्यांचा म्हणावें तसें. म्हणजे शेवटचा ए हा आकारान्त शब्दाच्या अनेकवचनाचा, आदरार्थी, प्रत्यय आहे. एक तो डफळा, अनेक ते डफळे; आणि डफळ्याचें पूर तें डफळापूर. व्याकरणास ही मांडणी ओढाताणीवांचून पटते.

येथें घाईनें निकाल देणें मात्र बरें नव्हे. पूर ज्यास लागतें तें पद मनुष्यवाचकच असतें असा नियम नाहीं. याच जत तालुक्यांत दानम्मादेवीचें गुड्डापूर आहे. कानडींत गुड्ड म्हणजे टेकडी. या मुलुखांत मराठी व कानडी एकाच अंगणांत नांदतात. जतची मोठी जत्रा ज्या देवीची, त्या यल्लम्मेचें नांव कानडी; जत्रेंतला बाजार मात्र दोन्ही भाषांत चालतो. तेव्हां डफळा या पदाचें मूळ शोधतांना मराठीवरच भिस्त ठेवून चालणार नाहीं. उलट, फ सारखे महाप्राण वर्ण कानडीच्या देशी शब्दांत नसतात, ही गोष्ट कानडी मुळाच्या विरुद्ध जाते. डफ या वाद्याशीं असलेलें नादसाम्य तर कोणाच्याहि चटकन लक्षांत येईल. पण डफ शब्दापासून विशेषण करावयाचें तर केसाळ, रसाळ यांप्रमाणें डफाळ व्हावें, डफळ नव्हे. आदिलशाही फर्मानांवरून निर्णय होईल अशी आशा धरावी, तर फारशी लिपींत ळ नाहीं. इंग्रजांनीं दुफ्ले, डाफ्ले अशीं नाना रूपें करून ठेवलीं. ल कीं ळ याचा खरा साक्षीदार मोडी कागद. त्यावांचून पुढें जाणें म्हणजे अंधारांत तीर मारणें होय.

ग्रँट डफच्या विधानांतील दुसरें अंग याहूनहि विचार करण्यासारखें आहे. जुनें आडनांव चव्हाण, नवें डफळे, असा क्रम तो लावतो. घोरपड्यांविषयीं लिहितांनाहि त्यांचें मूळ आडनांव भोसले, आणि घोरपडीच्या अंगास दोर बांधून दुर्गम किल्ला सर केल्यामुळें नवें नांव पडलें, अशी घराण्यांतील आख्यायिका तो देतो. परंतु चव्हाण ही कुळी आहे आणि डफळे हें आडनांव आहे. कुळी सोयरिकीच्या वेळीं विचारतात. आडनांवानें रोज हांक मारतात. एकाच पुरुषास कुळीनें चव्हाण, उपनांवानें डफळे, गांवच्या हक्कानें पाटील व परगण्याच्या वतनानें देशमुख हीं चारी नांवें एकाच वेळीं शोभतात. त्यांपैकीं एक जाऊन दुसरें आलें असें होत नाहीं. ज्या गोष्टी एकावर एक रचलेल्या आहेत, त्या एकामागून एक घडल्या असें ग्रँट डफनें मानलें.

हा घोंटाळा उलगडण्यास परदेशाचें उदाहरण उपयोगी पडतें. जर्मन लोकांतहि गांवावरून आडनांवें होतात, व तेथें आपल्या कर चें काम अर हा प्रत्यय करतो. आदेनाउ गांवचा तो आदेनाउअर, ओपेनहाइमचा तो ओपेनहाइमर. असें नांव त्या गांवांत राहणाऱ्यास मिळत नाहीं, गांव सोडून गेलेल्यास मिळतें. कारण गांवांत तर सगळेच त्या गांवचे. आपल्याकडेहि डफळापुरांत कोणी कोणास डफळापूरकर म्हणणार नाहीं. धंद्यावरून व हुद्द्यावरून पडलेलीं नांवें तेथें सर्वांत अधिक. म्युलर म्हणजे पिठाची गिरणी चालविणारा, श्मिट म्हणजे लोहार. जर्मनींतील सर्वांत मोठ्या संख्येचीं आडनांवें हींच. शुल्ट्स हा तर आपला पाटीलच: धन्याच्या वतीनें गांवचें देणें वसूल करणारा गांवमुखी.

आडनांवाच्या प्रसाराचें मर्म यांतच आहे. गिरणी गांवोगांव होती, म्हणून म्युलर हें नांव शेंकडों ठिकाणीं स्वतंत्रपणें जन्मास आलें. पाटील हें नांव महाराष्ट्रांत याच कारणानें पसरलें. जतेकडील कानडी गांवांत त्याच हुद्द्याचा माणूस गौडा झाला. दोन पाटलांचें नातें असावें असें त्यावरून मुळींच ठरत नाहीं. उलट एका गांवाशीं बांधलेलें डफळे हें नांव विरळ राहणार हें उघड आहे, आणि विरळ आहे म्हणूनच त्याचा माग काढणें शक्य आहे. चव्हाण या नांवाची गोष्ट निराळी. तें मराठ्यांत आहे, बंजाऱ्यांत आहे, आणि इतरहि अनेक जातींत आहे. नांव ऐकून जात ओळखतों म्हणणाऱ्याची परीक्षा या एका शब्दानें होते.

व्युत्पत्तिशास्त्राचा आपला वारसा थोर आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं मराठी शब्दांच्या मुळाशीं जाण्याची जी ईर्षा दाखविली तीस तोड नाहीं. त्यांच्या टिपणांतून तयार झालेला नामादिशब्दव्युत्पत्तिकोश 1942 सालीं त्यांच्या पश्चात् निघाला. परंतु प्रत्येक शब्दाचें मूळ संस्कृतांत सांपडलेंच पाहिजे हा जो आग्रह त्यांच्या पद्धतींत होता, तोच अनुयायांनीं अधिक उचलला. कागदांमागें गांवोगांव हिंडण्याचें त्यांचें व्रत मात्र थोड्यांनीं घेतलें. म्हणून आडनांव दिसलें कीं त्याचा ऋषि शोधावयाचा, न सांपडल्यास राजपूत राजा शोधावयाचा, ही रीत पडली. सीमेवरच्या मुलुखांत तिनें विशेष हानि होते. थोरला मठ या सरळ अर्थाच्या हिरेमठ नांवासहि मग हिऱ्यांचा इतिहास चिकटविण्यास कोणी मागेंपुढें पाहत नाहीं.

कोणी म्हणेल, एखाद्या घराण्यानें गोड कथा सांगितली तर बिघडलें काय? बिघडतें तें असें. आडनांवाची कथा नुसत्या शब्दाची कथा राहत नाहीं. ती रक्ताची साक्ष म्हणून वापरली जाते. जर्मनींत वंशावळी लिहिण्याचा छंद निरुपद्रवी होता. 1933 च्या एप्रिलमध्यें सरकारी नोकरांस आपलें कुळ सिद्ध करण्याचा कायदा लागला, आणि त्या छंदाचें हत्यार झालें. तेथील यहुदी लोकांस कायम आडनांवें घ्यावयास राज्यकर्त्यांनींच लाविलें होतें: ऑस्ट्रियाच्या जोसेफनें 1787 सालीं, प्रशियानें 1812 सालीं. तीं नांवें बहुतेक जर्मनच होतीं. म्हणून नांवावरून वंश ओळखूं येईना. तेव्हां 1938 सालीं हुकूम निघाला कीं, ज्यांचें पहिलें नांव ओळखीचें यहुदी नाहीं अशा पुरुषांनीं इस्रायल व स्त्रियांनीं सारा हें जास्त नांव लावावें. आडनांव रक्ताची साक्ष देत नाहीं ही गोष्ट त्या राजवटीनेंच अशा रीतीनें कबूल केली. पण ती कबुली लक्षावधि निरपराध्यांस तारूं शकली नाहीं.

आपल्याकडे असा हुकूम निघाला नाहीं. परंतु आडनांव विचारून माणसाची पायरी ठरविण्याची संवय शाळेंत, कचेरींत व भाड्याची खोली शोधणाऱ्याच्या वाट्यास आजहि येते. या जाचास कंटाळून ज्यानें आडनांव बदललें त्यास दोष देण्याचा अधिकार कोणास नाहीं. दोष आहे तो नांवावर खोटें ओझें लादणाऱ्या विद्येचा. चव्हाण कोणत्या जातीचा हें चव्हाण हा शब्द सांगत नाहीं, आणि डफळे कोणाच्या रक्ताचे हें डफळापूर सांगत नाहीं, एवढें जरी समीक्षकानें वाचकांस पटवून दिलें तरी त्याचें काम बरेंचसें झालें.

उरलेलें काम कष्टाचें आहे. जर्मन पंडितांनीं 2005 सालच्या टेलिफोनच्या नोंदींवरून कोणतें आडनांव कोठें किती आढळतें याचे नकाशे काढले व 2009 पासून ते ग्रंथमालेंत प्रसिद्ध केले. मायर या एकाच नांवाच्या निरनिराळ्या लेखनरूपांचे प्रदेश त्यांत डोळ्यांस दिसतात. महाराष्ट्राचा असा नकाशा झाला, तर कर कोठें दाट आहे, ए कोठें दाट आहे, आणि गौडा व पाटील यांची सरहद्द कोणत्या गांवावरून जाते, हें वादावांचून कळेल. त्याच्या जोडीस जतेकडील मोडी कागद तारीखवार लावले, आणि त्यांत डफळापूर हें नांव आधीं येतें कीं डफळे हें, एवढें पाहिलें, तर ग्रँट डफच्या वाक्याचा निकाल लागेल. तोंपर्यंत त्या वाक्यांतून इतकेंच घ्यावें कीं, हें घराणें व हें गांव एकमेकांचीं आहेत. कोणाचें नांव कोणास मिळालें हें ग्रँट डफनें सांगितलें खरें. पण शब्द त्याच्या बाजूनें बोलत नाहीं.