'आधी मॅन्युअल वाच' : मदतीच्या गद्याविषयी

ज्यांनी कधी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून पाहिलंय, त्यांनी एका विशिष्ट प्रकारचं गद्य भरपूर वाचलेलं असतं. स्क्रीन काळा पडलाय, आवाज गेलाय, वायफाय दिसत नाहीये. फोन हातात घेऊन आपण शोधत बसतो आणि कुणा अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला दिलेलं उत्तर सापडतं. त्याचा मोबदला कुणी घेतलेला नसतो, त्याखाली खरं नावही नसतं. हे लेखन साहित्य म्हणून कुणी वाचत नाही. पण त्याला रूप आहे, शैली आहे, परंपरा आहे, आणि त्यात चांगलं-वाईट ठरवता येतं. म्हणजे त्याची समीक्षाही करता येते.

ती आता करायला एक कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप एका तारखेत 'जुने' ठरले. नवा घ्यायला पैसे नसतील तर लिनक्स हा सरळ रस्ता आहे. पण त्या रस्त्यावर सर्व्हिस सेंटर नाही. आहेत ती आपल्यासारखीच माणसं, थोडं आधी त्याच खड्ड्यात पडून बाहेर आलेली. त्यांनी लिहिलेलं नीट असेल तर लॅपटॉप वाचतो, नसेल तर तो भंगारात जातो किंवा त्यातले फोटो जातात.

सुरुवात प्रश्नापासून करू. 'वायफाय चालत नाही, अर्जंट, प्लीज हेल्प' हा एक प्रश्न. दुसरा असा: 'परवापर्यंत वायफाय चालत होतं. रात्री अपडेट केलं. सकाळपासून नेटवर्कची नावंच दिसत नाहीत. केबल लावली की नेट चालतं.' दुसरा लिहिणाऱ्याला कर्नल म्हणजे काय हे कदाचित माहीतही नसेल. पण त्याने चार छोट्या वाक्यांत काळ सांगितला, घटना सांगितली, लक्षण सांगितलं आणि तुलनाही दिली. केबलने नेट चालतं म्हणजे राउटर ठीक आहे, नेटचं कनेक्शन ठीक आहे. दोष वायफायच्या ड्रायव्हरपाशी असण्याची शक्यता मोठी. जुन्या वैद्यासमोर 'पोट दुखतंय' म्हणणारा आणि 'जेवणानंतर तासाभराने उजवीकडे दुखतं' म्हणणारा, यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. चांगला प्रश्न ही छोटी, पण पूर्ण कथा असते.

आता मराठीची गंमत बघा. बिघाडासाठी आपल्याकडे क्रियापदांची चंगळ आहे: उडालं, बसलं, अडकलं, गंडलं, गेलं, हँग झालं. 'लिनक्स टाकताना विंडोज उडालं' हे वाक्य घ्या. याचे दोन अर्थ होतात. एक, डिस्कवरून विंडोज खरोखर पुसलं गेलं. दोन, विंडोज जागच्या जागी आहे, फक्त सुरुवातीला येणाऱ्या यादीत त्याचं नाव दिसत नाही. दुसऱ्या अर्थी एकही फाइल गेलेली नसते, यादी पुन्हा बनवली की काम होतं. पण घाबरलेला माणूस दोन्ही वेळा 'उडालं'च म्हणतो. मदत करणाऱ्याने 'उडालं म्हणजे नेमकं काय दिसतंय?' एवढं विचारलं तर दहा वर्षांचे फोटो वाचतात. 'मग परत इन्स्टॉल कर' म्हटलं तर ते कदाचित त्याच क्षणी जातात. उत्तर देणाऱ्याचं पहिलं काम वाचकाचं असतं, लेखकाचं नंतर.

या गद्याला दोन शास्त्रग्रंथही आहेत. शेजारी ठेवून वाचावेत असे.

पहिला प्रसिद्ध आहे: एरिक रेमंड यांनी रिक मोएन यांच्यासोबत लिहिलेला, २००१चा 'हाऊ टू आस्क क्वेश्चन्स द स्मार्ट वे'. प्रश्न कसा विचारावा याचा हा पाठ. आधी शोधा, मॅन्युअल वाचा, योग्य ठिकाणी विचारा, विषयात नेमकं लिहा, स्वतःचे अंदाज सांगू नका, लक्षणं घडली त्या क्रमाने सांगा, 'अर्जंट' लिहू नका, आणि सुटलं की कसं सुटलं ते सर्वांसाठी लिहून ठेवा. यातला जवळपास प्रत्येक सल्ला बरोबर आहे. शेवटचा तर सोन्यासारखा.

पण या लेखाचा कॅमेरा सतत विचारणाऱ्याकडे रोखलेला आहे. उत्तर देणाऱ्याचा वेळ मौल्यवान, म्हणून विचारणाऱ्याने आपली लायकी दाखवावी, हा सगळ्याचा पाया. 'आधी मॅन्युअल वाच' असं कुणी खेकसलं तर ते मनाला लावून घेऊ नये, कदाचित त्यातच तुमचं भलं आहे, असंही तो समजावतो. उत्तर देणाऱ्यांनी सौम्य वागावं, असं सांगणारा भाग आहे, नाही असं नाही. पण तो अगदी शेवटी, थोडक्यात येतो. मुख्य दरवाज्यावर नियमांची पाटी आणि मागच्या दाराशी पाण्याचा माठ, अशी ही रचना.

दुसरा लेख त्याआधीचा, नव्वदच्या दशकातला. फिल ॲग्री कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवायचे. त्यांनी 'हाऊ टू हेल्प समवन यूज अ कॉम्प्युटर' नावाची एक छोटी यादी लिहिली. लिनक्सचा तिच्याशी थेट संबंध नाही, पण मदतीचा आहे. इथे कॅमेरा उलटा फिरतो. हे सगळं कुणी जन्मतः शिकून येत नाही. नवखेपण कसं असतं हे तुम्ही विसरला आहात. नवख्याची मोठी अडचण भाषेची असते: शब्दांचे अर्थच माहीत नाहीत, तर प्रश्न कसा विचारणार? तो स्वतःला दोष देऊ लागला तर तुम्ही दोष यंत्राला द्या. त्याच्या हातातून कीबोर्ड घेऊ नका. आणि त्याच्याजवळ असं बसा, की तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या किंचित खाली राहतील.

ही शेवटची सूचना मला या प्रकारातल्या सगळ्या लेखनात सर्वांत तीक्ष्ण वाटते. ॲग्रींनी ओळखलं होतं, की मदत ही माहितीची देवाणघेवाण असतेच, शिवाय ती उंचीचाही प्रश्न असते. रेमंड म्हणतात तशी नेमकी भाषा वापरायला आधी ती भाषा यावी लागते. 'योग्य शब्दांत शोध' हा सल्ला, योग्य शब्द कोणता हेच विचारायला आलेल्या माणसाला निरुपयोगी आहे.

तरीही ॲग्रींना सरसकट विजयी ठरवता येत नाही. त्यांच्या लेखात दोन माणसं एका खोलीत आहेत, स्क्रीन दोघांना दिसतोय. लिनक्सची मदत बहुतेकदा अशी होत नाही. एक माणूस इचलकरंजीत, दुसरा कुठे तर फिनलंडमध्ये, आणि तेच उत्तर पुढे पाच वर्षं हजारो लोक वाचणार. तिथे डोळे कितीही खाली ठेवले तरी दिसत नाहीत. तिथे रेमंडांची शिस्त लागते. म्हणजे कसोटी अशी ठरते: रेमंडांची नेमकी मांडणी आणि ॲग्रींची उंची एकाच परिच्छेदात बसवता येते का?

त्या वायफायच्या प्रश्नाचं एक उत्तर पाहू. 'टर्मिनल उघडा, हे पेस्ट करा, एंटर मारा.' चाललं तर छान. पण का चाललं हे कळत नाही, पुढच्या अपडेटनंतर पुन्हा तेच. शिवाय न समजलेली आज्ञा पेस्ट करण्याची सवय घातक आहे. एकेकाळी नवख्यांना 'गंमत' म्हणून 'आर-एम'ची अशी आज्ञा सांगितली जायची, जी अख्खी डिस्कच पुसायला घेते. हा क्रूरपणा इतका जुना, की पुढे ग्नूच्या त्या साधनातच, वेगळी मुद्दाम सूचना दिल्याशिवाय मूळ फोल्डर पुसायला नकार देण्याची सोय आली. माणसांनी दाखवायचं तारतम्य शेवटी प्रोग्राममध्ये लिहावं लागलं.

आता दुसरं उत्तर. 'आधी जुनं कर्नल निवडून पाहू. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबायचं. जो मेनू येईल त्यात "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" आहे, तिथे मागची आवृत्ती दिसेल. तिच्यात वायफाय चाललं, तर दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्याशी न जुळलेल्या ड्रायव्हरमध्ये. नाही चाललं, तर ड्रायव्हर पुन्हा टाकून बघू. नेटसाठी केबल नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा. यात तुमच्या फायलींना काही होत नाही.'

प्रत्येक वाक्य आपलं काम करतं. काय करायचं, ते कुठे दिसेल, दोन्ही निकालांचा अर्थ काय. नेटशिवाय ड्रायव्हर उतरवता येत नाही आणि ड्रायव्हरशिवाय नेट मिळत नाही, हा नवख्यांना रडवणारा तिढा खिशातल्या फोनने सोडवला आहे. शेवटच्या वाक्यात तर न विचारलेल्या भीतीला उत्तर आहे.

आणि क्रियापदं बघा. इंग्रजीतल्या 'यू'मागे लपता येतं. मराठीत मदत करणाऱ्याला 'दाब', 'दाबा' की 'दाबायचं' हे ठरवावंच लागतं. 'दाब'मध्ये सलगी असते किंवा हुकूम. 'दाबा'मध्ये आदर, थोडं अंतरही. 'दाबायचं' ही पाककृतीची, कारागिराची भाषा. त्यात कुणीच वर-खाली नाही, काम महत्त्वाचं. आणि 'पाहू', 'बघू' म्हणताच दोघं एका बाजूला येतात, यंत्र दुसऱ्या बाजूला. ॲग्रींनी गुडघे वाकवून जे साधायला सांगितलं, ते मराठीत एका क्रियापदाने होतं.

या गद्याचं मूळ शोधत गेलं तर ३ नोव्हेंबर १९७१ला आपण पोचतो. त्या दिवशीची तारीख असलेलं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं. त्यात प्रत्येक आज्ञेच्या नोंदीत 'बग्ज' नावाचं एक सदर होतं: या साधनात काय चुकतं, हे बनवणाऱ्यांनीच सांगण्याची जागा. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये ते सदर आजही दिसतं. 'मॅन्युअल वाच' म्हणून हाकलणाऱ्यांनी या वारशाचा अर्धाच भाग उचलला. मूळ मॅन्युअलचा स्वर उद्धट नव्हता; यंत्राचा दोष उघड मान्य करणारा होता.

परंपरा बदलू शकते, याचेही दाखले आहेत. उबुंटू ऑक्टोबर २००४मध्ये आलं तेव्हापासून त्याच्या समुदायाने वागण्याची संहिता ठेवली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८मध्ये आपल्या तिखट भाषेबद्दल जाहीर माफी मागून काही काळ काम थांबवलं, आणि त्याच सुमारास कर्नलच्या प्रकल्पानेही आचारसंहिता स्वीकारली. संहितेने गद्य आपोआप सुधारत नाही. पण 'हुशार लोक असेच असतात' ही पळवाट तिने बंद केली.

राहिला शेवट. या प्रकारातला सर्वांत निराशाजनक शेवट एका शब्दाचा असतो: 'सुटलं.' कसं, ते नाही. रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी'मध्ये २०११ साली यावर एक चित्रकथा आली: नेमकी आपलीच अडचण असलेला जगात एकच माणूस सापडतो, वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या प्रश्नाखाली उत्तर नाही. हसू येतं, कारण तो एकटेपणा आपल्याला माहीत असतो.

आज तो एकटेपणा नव्या रूपात आहे. आपण एआयला विचारतो. ते न खेकसता, रात्री दोन वाजताही उत्तर देतं. नवख्याला लाज वाटत नाही, हा त्याचा मोठा गुण आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे सुटलेलं तिथेच राहतं. पुढच्या माणसाला ते सापडत नाही, 'मलाही हेच झालं' म्हणणारा तिसरा त्यात येत नाही, आणि चुकीचं उत्तर असेल तर शेजारून टोकणारं कुणी नसतं. शिवाय ही यंत्रं जे शिकली, त्यात माणसांनी उघड्यावर लिहिलेली अशी उत्तरंही आहेतच. विहिरीत पाणी कुणीतरी सोडत राहावं लागतं.

मराठीत ही विहीर मुळातच उथळ आहे. आपल्याकडे मदत भरपूर होते. पुण्यासारख्या शहरात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे, मित्राचा मित्र आहे, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट आहे. पण ती बोलण्यात होते आणि विरते. लिहायची वेळ आली की आपण इंग्रजीकडे वळतो, म्हणून 'मराठी टायपिंग बसत नाहीये' याचंही उत्तर बऱ्याचदा इंग्रजीतच शोधावं लागतं. 'दर्या' लिहायचं की 'दर्‍या', हा फरक कीबोर्डवर कसा साधायचा, हे नागपूरच्या किंवा म्हापशाच्या मुलीला दुसरं कोण सांगणार?

तेव्हा पुढच्या वेळी तुमचा आवाज, वायफाय किंवा काळा स्क्रीन ठीक झाला की पाच वाक्यं मराठीत लिहा, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी: काय झालं होतं, आधी काय करून पाहिलं, कशाने सुटलं, कुठल्या आवृत्तीवर, आणि काय अजून कळलेलं नाही. पाचवं वाक्य गाळू नका. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या 'बग्ज' सदराशी आपलं नातं तिथेच जुळतं.